जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये काय बदलावे, काय बदलू नये

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्यांच्या रॅलीची छायाचित्रे छापून आली की ‘मॉडिफाय’ केलेल्या स्पोर्ट्स कारचेच कौतुक जास्त होते. जुने इंजिन काढून नव्या गाडीचे बसवायचे, रुंद टायरसाठी मडगार्ड कापायचे, डॅशबोर्ड फोडून स्क्रीन लावायची, यालाच आता ‘रिस्टोरेशन’ म्हटले जाते. यात गाडीचे आणि मालकाचे दोघांचेही नुकसान आहे, म्हणून हे पत्र. उदाहरण एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे घेतो. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. १७९८ सीसीचे साधे इंजिन, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग), आणि आजही इंग्लंडहून मिळणारा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग. भाग मिळत असताना गाडी कापायचे कारणच उरत नाही.

आधी कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. वाहन खासगी आणि ५० वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात हवे, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५ हजार. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. म्हणजे हौसेने बसवलेले परके इंजिन गाडीला या नोंदणीतूनच बाद करू शकते. शिवाय निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच.

साधा नियम असा धरावा: जो बदल पान्याने एका दिवसात उलटवता येतो आणि ज्याचा मूळ भाग खोक्यात जपून ठेवता येतो, तो चालेल. गॅस कटरने केलेला बदल नको. एमजीबीला वेगळी चासी नाही. उघड्या टपाच्या मॉडेलमध्ये दाराखालची सिल हाच गाडीचा कणा आहे. गंजलेल्या सिलवर बाहेरून पत्र्याचे ठिगळ मारून रंग दिला की गाडी दिसते छान, पण आतली उभी पट्टी कुजतच राहते. सिल बदलायचीच असेल तर दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी आडवी पट्टी आधी वेल्ड करावी, गाडीचे वजन अ‍ॅक्सलवर ठेवावे, मध्ये जॅक लावू नये आणि एका वेळी एकच बाजू कापावी. हे केले नाही तर बॉडी मध्यभागी खचते, दाराची फट वर मिटते आणि नंतर दार बंदच होत नाही.

सध्याची सर्वांत मोठी अडचण पेट्रोलची. आता देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल (‘ई-२०’) मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ‘ई-२०’ला साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण आठेक टक्क्यांनी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. लक्षणे ठरलेली आहेत: पिकअपला झटका, सायलेन्सरमध्ये फटाके, चढावर इंजिन तापणे. त्यातच जुने रबरी पाईप इथेनॉलने फुगतात, आतून सोलतात, आणि त्याचे काळे कण फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्याच्या) सुईखाली अडकून कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. एसयूच्या खालीच गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असल्याने ही गळती म्हणजे आगीला आमंत्रण. तेव्हा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप ‘एसएई जे३० आर९’ (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपांचे मानक) छापलेले घ्यावेत, फ्लोटची सुई व्हायटॉन (इथेनॉल सोसणारे रबर) टोकाची घ्यावी आणि कॉर्कचे जुने सील काढून टाकावेत.

त्यानंतर ट्यूनिंग, आणि इथे क्रम चुकवू नये. आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग पॉइंट (ठिणगीसाठीचे संपर्क), मग टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि शेवटी कार्ब्युरेटर. सुरुवातीच्या मॉडेलना टॅपेटचा गॅप इंजिन थंड असताना ०.०१५ इंच. आठ व्हॉल्व्हना पुढून मागे १ ते ८ क्रमांक द्यावेत. ८ पूर्ण दाबला असताना १ चा गॅप बघायचा, ७ दाबला असताना २ चा, बेरीज नेहमी नऊ. पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगचा ०.०२५. मग इंजिन पूर्ण गरम करून एअर फिल्टर उतरवावेत, दोन्ही कार्ब्युरेटरमधले लिंकेज सैल करावे आणि रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा आवाज सारखा येईपर्यंत आयडलचे स्क्रू फिरवावेत.

मिश्रण त्यानंतर. एसयूच्या पिस्टनखाली उचलण्याची छोटी पिन असते. ती हलकेच दाबून पिस्टन जेमतेम १/३२ इंच उचलावा. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन दचकून बसू लागले तर लीन, किंचित वाढून लगेच पूर्ववत झाले तर बरोबर. ‘ई-२०’वर बहुतेक गाड्या बसू लागतात. जेटखालचे षटकोनी नट एका वेळी एकच पैलू खाली फिरवावे, की मिश्रण रिच होते, आणि प्रत्येक पैलूनंतर पिनची चाचणी पुन्हा घ्यावी. नटाचा परिणाम आयडलला अधिक जाणवतो. पूर्ण थ्रॉटलला गाडी तरीही लीन राहत असेल तर वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेली ‘रिच’ सुई (पिस्टनला लावलेली, पेट्रोल मोजून सोडणारी) बसवावी. हाच खरा मॉडिफिकेशनचा नमुना: दोन सुया, अर्ध्या तासाचे काम, आणि हवे तेव्हा मूळ स्थितीत.

देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तेव्हापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका घासण्याचा प्रश्न आहे. पण म्हणून लगेच हेड खोलून कठीण धातूच्या रिंगा बसवू नयेत. मशीनिंग जास्त खोल गेले तर थेट पाण्याच्या जागेत भोक पडते. एक्झॉस्ट टॅपेटचा गॅप वहीत लिहून ठेवावा. बैठक घासली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. प्रत्येक वेळी तो कमीच भरत असेल तरच हेड उतरवावे.

आता वायरिंग. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. हे न बघता नवा म्युझिक प्लेअर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडले की ते जळते. निगेटिव्ह अर्थ करणे, म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडणे, सोपे आहे, मात्र सगळ्या पायऱ्या झाल्या पाहिजेत. दोन्ही ६ व्होल्टच्या बॅटऱ्या उलट्या जोडाव्यात, टोकांची जाडी वेगळी असल्याने क्लॅम्प बदलावे लागतात. कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. डायनॅमोची वायर काढून बॅटरीच्या लाइव्ह टोकावरून ‘एफ’ टर्मिनलला क्षणभर स्पर्श करावा, त्यामुळे त्याचे चुंबकत्व उलटते. ही पायरी राहिली तर चार्जिंग उलटे होऊन कटआउटचे (चार्जिंगचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात. आरपीएम मीटर आतून बदलून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक भाग असलेला एसयू पेट्रोल पंपही तपासावा. शेवटी बॉनेटखाली ठळक चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर पुढचा मेकॅनिक जुन्या मॅन्युअलप्रमाणेच जोडणार.

फ्यूजच्या बाबतीत तर फारच ढिलाई दिसते. या गाडीतल्या ल्यूकस कंपनीच्या फ्यूजवर छापलेले ३५ अँपिअर म्हणजे तो ज्या प्रवाहाला उडतो तो आकडा. सतत वाहायचा प्रवाह फक्त १७ अँपिअर. दुकानातून सतत ३५ अँपिअर सोसणारा नवा फ्यूज आणून लावला तर आधी वायर जळते, फ्यूज तसाच राहतो. हेडलाइटला रिले आणि स्वतंत्र फ्यूज मात्र जरूर द्यावा. मूळ जोडणीत सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो.

ब्रेकमध्ये डॉट ४ ऑइल, दर दोन वर्षांनी. त्यात सिलिकॉनचे डॉट ५ मिसळू नये. पेडल सोडल्यावरही ब्रेक धरून राहत असेल तर कॅलिपर खोलण्याआधी रबरी होज बदलून बघा, तो आतून फुगून बंद झालेला असतो. तारांच्या चाकांचे हब डावे-उजवे वेगळे असतात, उजव्या बाजूचे आटे उलटे. अदलाबदल झाली तर चालत्या गाडीचे मधले नट आपोआप सैल होते.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर जूनपूर्वीच इंजिन ऑइल बदलावे, ग्रेड २०डब्ल्यू-५० मिनरल. वापरलेल्या ऑइलमधले आम्ल चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. टाकी काठोकाठ भरावी. इथेनॉल हवेतली ओल ओढते, आणि पाणी ठरावीक मर्यादेपुढे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. पंप नेमके तेच उचलतो. ‘अधूनमधून पाच मिनिटे चालू करतो’ हे तर करूच नये. इंजिन पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये पाणी साठते. पाऊस संपल्यावर पुढच्या चाकांमागे, फेंडरच्या आत साठलेला चिखल हाताने काढावा. सिलचा गंज तिथूनच सुरू होतो.

दोन मागण्या आहेत. परिवहन खात्याने ‘मोठा फेरफार’ म्हणजे काय, हे उदाहरणांसह जाहीर करावे. व्हॉल्व्हच्या रिंगा, निगेटिव्ह अर्थ, दुहेरी ब्रेक सर्किट ही सुरक्षिततेची दुरुस्ती धरणार की फेरफार, हे आरटीओच्या खिडकीवर ठरता कामा नये. आणि प्रत्येक पंपाने नोझलवर इथेनॉलचे प्रत्यक्ष प्रमाण लिहावे. तोवर वाचकांनी स्वतः तपासावे: उघड्यावर, आगीपासून दूर, मापाच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवावे व दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. ‘ई-२०’ असेल तर खालचा थर २८ मिलीच्या आसपास भरतो. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नये.

आपला,
जुन्या गाड्यांची कामे करणारा एक वाचक, पुणे