प्रार्थनेची वही

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मागितलं ते सगळं मिळालं, तरी उपासनेला बसलं की आत काही हलत नाही, असं लिहिलंयस. पुढचं वाक्य तू खोडलंस, पण उजेडासमोर धरलं की वाचता येतं : ‘मी कृतघ्न आहे का?’ (खोडायचं तर नीट खोडत जा!)

मला वाटतं, तू उपाशी आहेस. मी काही पाळक नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वहीची गोष्ट सांगतो. डावीकडे मागणी, उजवीकडे तारीख, मिळालं की बरोबरची खूण. नोकरी, खूण. आईचं ऑपरेशन, खूण. कर्ज फिटलं तेव्हाची तर दोनदा गिरवलेली. परवा ती वही हाताला लागली. त्या खुणेनंतर सगळी पानं कोरी. माझं काम झालं होतं ना!

त्या रात्री बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढला. जवाच्या 5 भाकरी, 2 मासळ्या, तेवढ्यावर प्रभू येशूने जेवू घातलेले 5 हजार पुरुष, उरलेल्या तुकड्यांच्या 12 टोपल्या. लहानपणापासून पाठ, आणि मी नेहमी टोपल्यांपाशीच थांबायचो. खरी गंमत दुसऱ्या दिवशीची आहे. लोक त्याला शोधत होड्यांत बसून कफर्णहूम गावाला येतात आणि साळसूदपणे विचारतात, गुरुजी, इथे कधी आलात? प्रभू त्याचं उत्तरच देत नाही. भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, म्हणतो. नाशवंत अन्नासाठी नको, सार्वकालिक जीवनासाठी टिकणाऱ्या अन्नासाठी श्रम करा. तर कालच पोटभर जेवलेली ती मंडळी म्हणतात, विश्वास ठेवायला चिन्ह दाखवा! वर पूर्वजांच्या मान्नाचा, म्हणजे रानात देवाने त्यांना आकाशातून दिलेल्या अन्नाचा, दाखला. तोच मान्ना, जो ठेवू नका असं सांगितलेलं असूनही काहींनी सकाळपर्यंत साठवला आणि त्यात किडे पडले. वहीतल्या खुणा आठवून मला शरमल्यासारखं झालं.

यावरून पोटाची भूक वाईट, असं मात्र कुणी सांगायला लागलं की मला राग येतो. प्रभूने आधी जेवू घातलं, बोलला नंतर. रोजची भाकर मागायला त्यानेच शिकवलं. नोकरी मागितलीस त्यात तुझं काहीच चुकलं नाही.

पुढे तो म्हणतो, जीवनाची भाकर मीच आहे. इथे माझी वही अडते. तो स्वतःलाच देतोय, तर डावीकडे काय लिहायचं आणि खूण कधी करायची? माझ्याकडे येणाऱ्याला भूक लागणार नाही, असंही म्हणतो, आणि माझी भूक तर हल्ली वाढलीय. हे कोडं मला सुटलेलं नाही.

सध्या पहाटे दहा मिनिटं वहीशिवाय बसतो. काही मागायचं नाही. पहिल्या दिवशी चार मिनिटांत घड्याळ बघितलं. अजूनही अर्धा वेळ मन हिशेबात असतं.

तो अध्याय एका बैठकीत वाच. शेवटाकडे बरेच शिष्य माघारी फिरतात. जवळच्या बारा शिष्यांना प्रभू विचारतो, तुम्हीही जाणार का? त्यांच्यातला पेत्र आपल्याला सगळं समजलंय असं म्हणत नाही. म्हणतो, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? तिथवर पोचलास की मला लिही. आणि या वेळी काही खोडू नकोस.

तुझाच,
वहीवाला