पंगतीत ‘यात काय काय घातले आहे?’ एवढे विचारू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आहारविषयक लेखांत ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द अलीकडे वारंवार वाचायला मिळतो आणि बहुतेक वेळा तो वजन उतरवण्याच्या उपायांच्या रांगेत असतो. आमच्या घरात तो डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आला. माझ्या सुनेला सिलिअ‍ॅक आजार आहे. स्वयंपाकघर अजून बऱ्याच अंशी माझ्याच हाती आहे आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा जेवणावळींचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून ठाण्यातील यजमान, सोसायट्यांची मंडळे आणि केटरर यांना उद्देशून हे पत्र लिहीत आहे.

सिलिअ‍ॅक म्हणजे नाजूक पोट किंवा साधे अपचन नव्हे. गहू, जव आणि राय (फोडणीची राई नव्हे, इंग्रजीत ‘rye’ म्हणतात ते धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. हा आजार असलेल्या माणसाने ती खाल्ली की त्याची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नातील सत्त्व ज्यांतून शोषले जाते ते अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि मग माणूस पोटभर जेवला तरी ते अंगी लागत नाही. माझ्या सुनेचे पोट फारसे कधी दुखलेच नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढेना, त्यावरून रक्ताची तपासणी आणि पुढे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून निदान झाले. यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन टाळणे हाच एक उपचार. ‘हे सगळे हल्लीचे फॅड’ असे म्हणणाऱ्यांसाठी सांगते की नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध १९४०च्या दशकातच दाखवून दिला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावाचा तुटवडा पडला तेव्हा ही आजारी मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचे दुखणे उलटले.

‘अगं, एका घासाने काय होतंय?’ हे वाक्य सुनेने हळदीकुंकवात, बारशात आणि डोहाळजेवणात इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा हिशेब एकदा मांडलेला बरा. बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन सोसते; रोज ५० मिलिग्रॅम पोटात जाऊ लागले तर अस्तराला पुन्हा इजा होऊ लागते, असे अभ्यासांत आढळले आहे. गव्हाच्या एका मध्यम पोळीत दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे २००० ते ३००० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. तिचे दहा घास केले तर एकेका घासातून २०० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जाते. शिवाय तो घास खाऊन ती लगेच आजारी दिसेलच असे नाही. आतली हानी बाहेरून कळत नाही आणि म्हणून आग्रह करणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटतही नाही.

खरे पाहता मराठी ताट हे या आजाराला बरेच सोयीचे आहे. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, अळूवडी, कोथिंबीरवडी, सोलकढी, श्रीखंड, उकडीचे मोदक, ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकऱ्या, यांपैकी कशातही मुळात गहू नाही. उपासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी आणि भगर खाताना तिच्यात आणि आमच्यात काहीच फरक उरत नाही. पोळी, पुरी, शेवया, पाव, करंज्या आणि शंकरपाळे वगळा, की झाले, असे मलाही सुरुवातीला कुणी सांगितले असते तर पटले असते. परंतु गहू जिथे दिसतो तिथे तो टाळता येतो. अडचण होते ती तो दिसत नाही तिथे.

हिंगाचेच घ्या. बाजारात डबीतून मिळणारी हिंगपूड म्हणजे निव्वळ हिंग नसतो. मूळ हिंग अतिशय उग्र असल्यामुळे तो डिंक आणि पिठात बांधतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीच्या मागे बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते, पण आपल्यापैकी किती जणींनी आयुष्यात हिंगाची डबी उलटून वाचली असेल? आमटी, भाजी, ताकाची फोडणी, लोणचे, गोडा मसाला, सगळीकडे हा हिंग पोहोचलेला असतो. आता आम्ही तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बघून आणतो आणि तो न मिळाल्यास फोडणी हिंगाविना करतो. दुसरे उदाहरण मेतकुटाचे. आजाऱ्याला काय द्यावे तर मऊ भात, तूप आणि मेतकूट, हे आपल्या हाडीमांसी खिळलेले. आणि घरोघरच्या मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर भाजलेले गहू असतात. थालीपिठाच्या भाजणीत आणि कोंबडीवड्यांच्या पिठातही गहू घालण्याची पद्धत आहे. चायनीजच्या गाडीवरचा तांदूळ निर्धोक असला तरी त्यावर ओतलेला सोया सॉस बहुधा गव्हावरच आंबवलेला असतो.

मग गिरणी. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत आपण विश्वासाने ज्वारीचा डबा ठेवतो. त्याआधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळून झालेले असतात. दगडांच्या खाचांत आणि पीठ पडते त्या कापडी नळीत गव्हाचे पीठ बसलेले असते आणि गिरणीवाल्याने नळीवर दोन थापा मारल्या की ते आपल्या ज्वारीत उतरते. ज्वारीच्या भाकरीने कुणाला त्रास झाला असे ऐकले तर मी आता आधी विचारते की दळण कुठले. आम्ही शेवटी घरघंटी घेतली, पण ती घेणे प्रत्येकाला परवडत नाही. उपासाची भाजणी दळायची म्हटले की आमचे गिरणीवाले न सांगता गिरणी झाडून-पुसून घेतात. तशीच आठवड्यातली एक सकाळ, गिरणी स्वच्छ केल्यानंतर आणि गव्हाला हात लावण्यापूर्वी, केवळ तांदूळ-ज्वारी-नाचणीसाठी त्यांनी ठेवली, तर दळणाच्या पैशांतही खोट यायची नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग प्रसादाचा. सत्यनारायणाचा शिरा नाकारणे म्हणजे देवाचा अवमान, अशी भावना मनात रुजलेली असते आणि प्रसाद न घेतल्याने कुणाकुणावर काय संकट ओढवले हे कथेतच ऐकून आपण उठलेले असतो. अशा वेळी हात पुढे न करणाऱ्या तरुण मुलीकडे बायका कशा बघतात ते मी पाहिले आहे. पण त्याच कथेच्या पहिल्या अध्यायात नैवेद्याचे साहित्य सांगताना गव्हाचे पीठ नसेल तर तांदळाचे पीठ घ्यावे, अशी मुभा दिलेली आहे. आमच्या गुरुजींना हे दाखवताच ते लगेच हो म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे सपादाचा प्रसाद तांदळाच्या रव्याचा होतो. केळे घालून, तुपावर रवा नीट खमंग भाजला तर चवीत कुणी खोड काढत नाही. प्रसादाला आलेल्या प्रत्येकाला तो खाता येतो, यापेक्षा यजमानाला आणखी काय हवे असते?

याच्या उलट अनुभव घणसोलीला एका ओळखीच्या आगरी घरच्या हळदीत आला. अंगणात बायका परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळत होत्या आणि पाण्याच्या हाताने भाकऱ्या थापून तव्यावर टाकत होत्या. सुनेने संकोचत पीठ कसले, असे विचारले, तर भाकरीत तांदळाशिवाय दुसरे काय असणार, असा त्यांचाच उलट प्रश्न. मटणाचा मसाला घरी कांडलेला होता आणि त्यात काय काय आहे ते त्यांनी एका दमात सांगितले. वडे मात्र घेऊ नको, त्यांच्या पिठात गहू आहे, हेही आपणहून सांगितले. त्या दिवशी ती चार लोकांत बसून डबा न उघडता जेवली. ठाणे-नवी मुंबईच्या या मूळ रहिवाशांची रोजची भाकरी तांदळाची, आणि आपण मात्र ग्लुटेनमुक्त म्हणून परदेशी पाकिटे धुंडाळत मॉलमध्ये फिरतो, याची मला गंमत वाटते.

हॉटेलांबाबत थोडक्यात लिहिते. घोडबंदर रस्त्यावरच्या एका कॅफेत फलकावर ‘ग्लुटेन-फ्री’ असे ठळक लिहिलेले होते; विचारल्यावर कळले की नाचणीचा डोसा आणि गव्हाचा पराठा एकाच तव्यावर, एकाच उलथन्याने होतात. वजनाच्या काळजीने आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने काही फरक पडत नाही, आम्हाला पडतो. तीच गोष्ट बटाटेवड्याची. आवरण बेसनाचे, पण कढईतल्या तेलात आधी समोसे तळलेले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून ज्वारी-नाचणीची बिस्किटे दुकानोदुकानी दिसतात, मात्र पुष्कळ पाकिटांवर घटकांच्या यादीत मैदा किंवा गव्हाचे पीठ असतेच. कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या पदार्थाला आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणता येत नाही. पाकिटबंद खाद्यपदार्थात गहू असल्यास तसे जाहीर करावे लागते. २०२०च्या नियमावलीनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनीही अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकांना देणे अपेक्षित आहे. लग्नाचा केटरर, सोसायटीचा आचारी आणि कोपऱ्यावरचे उपाहारगृह या शाखांच्या हिशेबात बसत नाहीत, आणि आपले निम्मे सामाजिक जेवण तर यांच्याच हातचे असते.

विशेष हे की खाण्याचे निर्बंध सांभाळणे आपल्या समाजाला अवघड मुळीच नाही. जैन पावभाजी मागा, कांदा-लसणाविना पन्नास पाने सांगा, चातुर्मासात वांगे वर्ज्य म्हणा, केटरर चकार शब्द काढत नाही. व्रत म्हटले की मान मिळतो. आजार म्हटला की मात्र सल्ले सुरू होतात: कुणाच्या मामीला अमुक काढ्याने गुण आला, कुणाला खपली गहू चालतो. (खपली गहूही गहूच आहे आणि त्यातही ग्लुटेन असते, हे यानिमित्ताने नोंदवते.) सून घरून डबा नेते तेव्हा यजमानीणबाईंना वाईट वाटते हे मला समजते, कारण त्यांच्या जागी मलाही वाटले असते. पण तिला तिचा डबा पंगतीतच, सर्वांच्या बरोबरीने उघडू द्यावा आणि त्यावर चर्चा करू नये, एवढा पाहुणचार तिला पुरतो. तिच्यासाठी वेगळा पदार्थ रांधावा अशी अपेक्षा नाही. केलेल्या पदार्थांत काय घातले आहे हे खरे सांगावे, आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावे. ‘काही नाही गं, खा’ हे उत्तर तिच्या काही उपयोगाचे नाही.

हे वाचून कुणाला आपल्या घरातील अशक्तपणाविषयी किंवा मुलाच्या खुंटलेल्या वाढीविषयी शंका आलीच, तर परस्पर गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर केलेली तपासणी फसवे उत्तर देऊ शकते. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हा आजार आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून आमच्या नातवाचीही तपासणी करून घेतली आहे.

आमच्या संकुलाच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत यंदा मी चार गोष्टी मांडणार आहे. महाप्रसादाच्या प्रत्येक पातेल्यापुढे त्यातील घटकांची चिठ्ठी असावी. भात, भाजी आणि शिरा यांचे डाव एकमेकांत फिरवू नयेत. पापड आणि भजी पुऱ्यांच्या आधी, ताज्या तेलात तळावीत. आणि आचाऱ्याला आगाऊ रक्कम देतानाच हिंग कोणता वापरणार हे विचारून घ्यावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी वर्गणी वाढवावी लागत नाही. ठाण्यातील इतर मंडळांनीही आचारी ठरवताना हे बोलून घ्यावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते.

कळावे,
आपली नम्र,
एक सासू,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)