ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यात हल्ली कोण्याही कार्यालयात जा अन् विचारा, साहेब यादीत माझं नाव होतं तं मले काहून नाही सांगितलं, उत्तर एकच, "ग्रुपवर टाकलं होतं ना." हे उत्तर मला बिलकुल मान्य नाही.

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी येते, त्यात प्रत्येक कास्तकाराच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असते, तो नंबर घेऊन सेतू केंद्रात जायचं, अंगठा लावून केवायसी करायची, तेव्हाच पैसे खात्यात पडतात. म्हणजे निरोप ज्याच्या त्याच्या नावाचा झाला. पण टाकतात कुठं, तं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ करून, जिथं सकाळपासून शुभ सकाळ, वाढदिवस, कापसाचे भाव, बैलजोडी विकणे आहे, सगळं एकातएक सुरू असते, दुपारपर्यंत यादी कुठल्या कुठं वर निघून जाते. आमच्या शेजारच्या काकूचं नाव यादीत होतं. काका गेल्यापासून वावर एकटी पाहते, फोन साधा बटनाचा. तिला बाहेरून कळलं तवा तारीख निघून गेली होती, कार्यालयात गेली तं तेच, ग्रुपवर टाकलं होतं. बाईनं काय करावं?

मी कॉलेजात लिनक्सच्या (विंडोजसारखीच कम्प्युटर चालवणारी सिस्टीम) लॅबमध्ये शिकलो, एकाच सर्वरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मोठ्या कम्प्युटरवर, आम्ही सगळे लॉगिन राहायचो. तिथं राईट कमांड दिली की मेसेज त्या एकाच युजरच्या स्क्रीनवर जायचा अन् वॉल दिली की सगळ्यांच्या. वॉल कशासाठी, तं सर्वर बंद होणार आहे, आपापलं काम सेव्ह करा, अशा सगळ्यांच्या कामाच्या गोष्टीसाठी. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या कम्प्युटरवर १९६५ मध्येच एका युजरनं दुसऱ्याच्या नावानं मेल ठेवायची सोय झाली होती, तो आला की त्याला वाचायला मिळायचं. पुढं १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरनं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर मेल पाठवला, त्याचा पत्ता आधी माणसाचं नाव, मग ॲटची (@) खूण, मग मशीन, असा. आजही तोच चालते. ज्याचा निरोप त्याच्या नावावर, हे नेटवर्कवाल्यांना इतक्या वर्षांआधी समजलं अन् आमच्या कार्यालयांना अजून समजत नाही याचं फार वाईट वाटते.

बरं, पोचलं की नाही हे टाकणाऱ्याला दिसत नाही असंही नाही. ग्रुपमध्ये दुसरी टिक तेव्हाच येते जेव्हा प्रत्येक मेंबरच्या फोनवर मेसेज उतरते. मेसेज दाबून इन्फो पाहा, कोणाला पोचला कोणाला नाही नावानिशी दिसते. ज्याचा रिचार्ज संपला त्याचा मेसेज सर्वरवर ३० दिवस थांबते, मग पुसला जाते. काहीजण म्हणतात ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा जाते, पण तो त्यालाच जाते ज्यानं पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलेला आहे. आमच्या काकूसारखे तं व्हॉट्सॲपवरच नाहीत, त्यांची तं टिकही नाही.

साधा एसएमएस काय वाईट आहे? नेट लागत नाही, बटनाच्या फोनवर वाजते. इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, जास्त झाली तं दोन मेसेज जातील, पण नाव, क्रमांक अन् शेवटची तारीख एवढंच तं सांगायचं आहे. फॉर्म भरताना मोबाईल नंबर आम्ही देतोच. बँकेतून शंभर रुपये काढले तरी मेसेज येते, मग हजारोंच्या अनुदानाचा काहून येऊ नये?

अन् फोनच नाही त्याच्यासाठी गावात कोतवाल आहे. तहसीलची नोटीस तो घरी नेऊन सही नाहीतर अंगठा घेऊन येते, तशीच केवायसी बाकी असलेल्यांची नावं त्याच्याजवळ द्या अन् तो घरोघरी जाऊन येईपर्यंत तारीख बंद करू नका, एवढी मागणी आपल्या पेपरातून जिल्हाधिकारी साहेबांपर्यंत जावी.

आपला,
एक कास्तकार वाचक, जि. यवतमाळ