उस्ताद, खारे दाणे आणि मी

प्रिय बंड्या,

सात महिने एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा तसाच, साखर काबूत, आईला ऐकू कमी येतं आणि ते तिच्या पथ्यावर पडलंय. तब्येती संपल्या.

परवा झोप येईना म्हणून एक जुना ब्रिटिश सिनेमा लावला, 'प्रायव्हेट्स प्रोग्रेस'. १९५६ चा, बोल्टिंग बंधूंचा, कृष्णधवल. दुसऱ्या महायुद्धातली फौज, पण शौर्य औषधालाही नाही. सुरुवातीलाच पाटी येते: अधिकृत सहकार्याबद्दल आम्ही अजिबात कुणाचेही आभारी नाही! नायक स्टॅन्ली विंड्रश, विद्यापीठातून उचललेला भोळसट पोरगा. अधिकारी व्हायला जातो, नापास होतो आणि अशा जागी जाऊन पडतो जिथे काम चुकवणं हेच काम. त्याचा गुरू प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, कॉक्स. ते काम कोणी केलंय? रिचर्ड अ‍ॅटनबरोनं! ज्याच्या 'गांधी'मुळे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना ऑस्कर मिळालं, तोच. इथे बिनतिकीट रेल्वेनं कसं फिरायचं ते शिकवतो. मिरज पॅसेंजर आणि तू, दोघेही आठवलात. पुढे फौज स्टॅन्लीला जपानी शिकवते आणि मोहिमेवर पाठवते जर्मनीत. आमच्या खात्यातल्या बदल्या बऱ्या म्हणायच्या.

पण पत्र त्यासाठी नाही. त्यात एक मेजर हिचकॉक आहे, टेरी-थॉमस, पुढच्या दातांत ही एवढी फट. जवानांना उठताबसता झाडणारा. तो ड्युटीच्या वेळात गुपचूप थेटरात जातो, आणि बघतो तर त्याचेच जवान तिथे बसलेत.

मी सिनेमा थांबवला. पुढचं तुला सांगायला नको. मॅटिनी, आपण दोघं एनसीसीच्या खाकीत, पुढच्या रांगेत आपल्याला कवायत शिकवणारे उस्ताद. रगड्याची शिक्षा ठरलेली. आणि त्यांनी मागे वळून दाण्यांची पुडी पुढे केली. ('जय हिंद उस्ताद' असं अंधारात तूच ओरडलास. अठ्ठावीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.)

आता ऐक. गेल्या महिन्यात एनसीसीच्या कॅम्पमधून माझे दोन कॅडेट पळाले. सिनेमालाच. रात्री परतताना गेटवर मी पकडले. रिपोर्ट लिहिला, दोघांना घरी पाठवलं. एकाचं जाऊ दे, बाप बागायतदार. दुसरा पहाटे दूध घालून परेडला येणारा, बूट असे चमकवायचा की भांग पाडून घ्यावा. त्याचा हा कॅम्प बुडाला म्हणजे यंदा एनसीसीचं सगळ्यात वरचं 'सी' सर्टिफिकेट बुडालं.

नियम नियम आहे, हे मी स्वतःला रोज सांगतो. पण गेटवर मी कुठून आलो होतो? गावातून, मिसळ चोपून. रिपोर्टात माझ्या हातानं लिहिलंय, 'गस्तीवर असताना'. शर्टाच्या खिशावर कटाचा लालभडक डाग होता, रुपयाएवढा. पोरगं बोलताना त्या डागाकडेच बघत होतं. म्हणालं काय, तर 'सॉरी सर'. ते काही बोललं असतं ना, तर मी इतका चिडलो नसतो. चिडलो म्हणूनच रिपोर्ट इतका कडक झाला, हे बायकोलाही बोललेलो नाही.

तू म्हणशील, तू आधीपासूनच असा. पन्हाळ्याच्या कॅम्पात भात करपला तेव्हा तुझं नाव मी सांगितलं, हे काढशील. काढ. पण भात तूच करपवला होतास.

बरं, तुझ्या नव्या घराचं कळलं. वास्तुशांतीला आलो नाही, वहिनींचा राग रास्त आहे. धाकटीचा निकाल कळव. केस उरलेत का?

सोमवारी कर्नलसाहेबांकडे जाऊन 'गस्तीवर' हा शब्द खोडायचा म्हणतोय. तो खोडला की बाकीचं ओघानं येईल, माझ्यासकट. पोराचा नंबर तीनदा काढला, तीनदा फोन खाली ठेवला. सोमवारच्या आत तुझं उत्तर येऊ दे. नुसती शिवी असली तरी चालेल.

तुझा,
बाळ्या

ता.क. त्या दिवशी दुसरी पुडी आपण घेतली, तिचे पैसे मीच दिले होते.