पोट मऊ होतं, तरी तुम्ही आण्णांची कळ खरी मानलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनसाहेबांचे आभार आम्ही समोर मानले. तुमची मात्र रात्रपाळी संपली आणि भेट राहूनच गेली. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या रात्री तुम्ही जे ओळखलंत ते आणखी घरांना कळायला हवं.

राधानगरीकडच्या आमच्या गावातून आण्णांना कोल्हापूरला आणलं तेव्हा सगळे एकच सांगत होते, जेवण बाधलंय. अचानक कळ, उलट्या, जुलाब. आधीच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन झालं होतं, सोनोग्राफीत नुसता गॅस दिसला होता. आण्णा कॉटवर तळमळत होते, "लई कळ यायलीय, काय तरी करा" म्हणत होते. पण दाबून बघावं तर पोट मऊ. म्हातारा माणूस उगाच घाबरलाय, असं कुणालाही वाटलं असतं.

तुम्हाला नेमकं तेच खटकलं. एवढी कळ आणि पोट मऊ, हे जुळत नाही म्हणालात. नाडी धरलीत, ती एका लयीत नव्हती. लगेच ईसीजी काढायला लावलात आणि सांगितलंत, आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका आहे, सीटी अँजिओ, म्हणजे डाय टोचून रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, आत्ताच करायचा. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन रक्तात जरा वाढलेलं होतं, डायनं किडनीला त्रास होईल म्हणून तो द्यायला आम्ही कचरत होतो. एवढ्या धावपळीत तुम्ही माझ्याशेजारी बसलात. किडनी नंतर सांभाळता येते, मेलेलं आतडं परत जिवंत होत नाही, आणि त्याला फार तास लागत नाहीत, हे समजावलंत. पोट कडक होतं ते बहुधा आतडं मरायला लागल्यावर, तोवर वाट बघायची नसते, हेही तेव्हाच कळलं. रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं लॅक्टेट फारसं वाढलेलं नव्हतं. सुरुवातीला ते नॉर्मलही येऊ शकतं म्हणून तुम्ही त्याच्यावर विसंबला नाहीत. माझ्या लेखी आण्णांचा जीव तिथंच वाचला.

सीटीत महाधमनीतून निघणारी एक मोठी रोहिणी थोडं पुढं जाऊन एकदम संपल्यासारखी दिसत होती. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याची उजवी बाजू तिच्यावर जगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोके बिघडून रक्त साकळलं, त्यातली गुठळी सुटून तिथं अडकली. आण्णांना हृदयाचं असं काही आहे, याची घरात कुणालाच कल्पना नव्हती.

तुम्ही तिथंच रक्त साकळू न देणारं हेपॅरिन सुरू केलंत आणि सर्जनना झोपेतून उठवलंत. टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीनं त्यांनी गुठळी ओढून काढली. अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टी यांनी 1963 साली ही नळी जगापुढं मांडली, असं सर्जनसाहेबांनी नंतर सांगितलं. त्या माणसालाही मनातून नमस्कार केला. काळा पडलेला आतड्याचा तुकडा काढावा लागला. उरलेल्याचा रंग परत येतो का हे बघायला दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट उघडलं. रंग आला होता. या आजारात उपचार होऊनही निम्म्याच्या आसपास माणसं दगावतात, हे आम्हाला घरी आल्यावर समजलं.

घरातल्या वयस्कर माणसाला अचानक असह्य कळ आली आणि त्याचे ठोके अनियमित असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा, एवढं वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते.

आण्णा आता रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतात, रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर तपासायला कोल्हापूरला येतात. यंदा गुऱ्हाळ पेटलं की पहिल्या आदणाची काकवी तुमच्यासाठी काढायची, असं त्यांनी बजावून ठेवलंय. स्वतः घेऊन येणार आहेत. नको म्हणू नका, मॅडम.

आपली ऋणी,
आण्णांची थोरली लेक