आप्पांना पत्र, सोने नसलेल्या नमुन्याबद्दल

आदरणीय आप्पा,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर, जळगावला चमक मोजण्याचे यंत्र सांभाळणाऱ्या तुमच्या वाट्याला एक ओळ आली, आणि ती लिहितानाच अपुरी वाटत होती. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

तुम्हाला विषय ठाऊक आहे; इतरांसाठी थोडे सांगते. सोन्याचे पंचवीसेक अणू एकत्र येऊन जो पुंजका होतो, त्याला नॅनोक्लस्टर म्हणतात. तो दोन नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान असतो आणि मोठ्या सुवर्णकणांच्या द्रावणाचा ओळखीचा लाल रंग त्याच्या द्रावणाला येत नाही. मात्र बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातल्या प्रथिनात तो घडवला, तर अतिनील दिव्याखाली लाल उजळतो. ही कृती २००९ साली प्रसिद्ध झाली. फ्लुरोसिनसारखे हिरवे चमकणारे रंगद्रव्य त्याच्या अगदी निकट असेल, तर रंगद्रव्याने शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता थेट क्लस्टरकडे जाऊ शकते. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४८ साली मांडलेल्या गणितानुसार ही देवघेव अंतराच्या सहाव्या घाताने मंदावते: ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा पोहोचते, त्याच्या दुप्पट अंतरावर जेमतेम दीड टक्का पोहोचते.

दोन वर्षे मी रंगद्रव्य आणि क्लस्टर एका द्रावणात मिसळत होते, हिरवी चमक निम्मी झालेली पाहत होते आणि वहीत ‘ऊर्जा-स्थानांतरण’ असे लिहीत होते. मनात शंका होती, म्हणून सगळी यंत्रे असलेल्या एका मोठ्या संस्थेकडे नमुने पाठवले. पाच महिन्यांनी एक आलेख आणि ‘चमक घटली आहे, एवढे पुरे’ असा शेरा परत आला. दुसऱ्या एका ठिकाणी तर तालुक्याच्या कॉलेजातून असले विषय घेऊच नयेत, असे तोंडावर ऐकवले गेले. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी रडले होते. या दोन्ही ठिकाणी माझा नमुना नीट पाहण्याएवढी आस्था कोणालाही वाटली नाही, हे मला आजही बोचते.

मग मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, थर्मासमध्ये बर्फ आणि फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन, मी चोपड्याहून तापी ओलांडून जळगावला तुमच्या खोलीत आले. तुम्ही आधी पाणी दिलेत, बाटल्या ओळीने मांडल्यात आणि विचारलेत, “ताई, सोनं नसलेला नमुना कुठे आहे?” दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता.

त्या संध्याकाळी तुम्ही नुसते रंगद्रव्य आणि नंतर माझे मिश्रण, चमक किती वेगाने ओसरते हे मोजणाऱ्या यंत्रात ठेवलेत. प्रकाशाचा स्पंद दिल्यावर फ्लुरोसिनची चमक सुमारे चार नॅनोसेकंदांत ओसरू लागते. ऊर्जा खरोखर क्लस्टरकडे जात असेल, तर ती त्याहून लवकर ओसरली पाहिजे. दोन्ही वक्ररेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. माझे हातपाय गळाले. तेव्हा तुम्ही स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढलीत, स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत, माउस माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, “मी वाचून दाखवणार नाही. निकाल तुमचा आहे, तुम्हीच वाचा.”

आप्पा, मी आभार मानते आहे ते त्या फिरवलेल्या स्क्रीनचे. ‘तुमचे चुकले’ एवढे सांगून तुम्ही मला वाटेला लावू शकला असता आणि ते खोटेही ठरले नसते. पण जिची दोन वर्षांची मेहनत त्या रेषांखाली गाडली जात होती, तिला तुम्ही त्याच रेषा स्वतः वाचण्याचा मान दिलात. माणुसकी म्हणतात ती मी त्या वातानुकूलित खोलीत पाहिली, आणि ती दाखवणाऱ्याच्या नावापुढे ना डॉक्टर लागते, ना प्राध्यापक.

वाचत गेले तसे उमगले. क्लस्टरचे द्रावण स्वतःच येणारा आणि जाणारा प्रकाश गिळत होते. ऊर्जा कोणीही कोणाला देत नव्हते. द्रावण पातळ करून त्याचे शोषण, म्हणजे ते किती प्रकाश गिळते त्याचे माप, ०.१ च्या खाली आणले, तेव्हा चमकेतली घटही जवळजवळ नाहीशी झाली. एक मायक्रोमोलर इतक्या विरळ द्रावणात दोन रेणूंमधले सरासरी अंतर शंभर नॅनोमीटरहून अधिक असते, आणि ही देवघेव दहा नॅनोमीटरच्या आत चालते. नुसते मिसळून ती होईलच कशी, हे मला आधीच सुचायला हवे होते.

पुढच्या खेपेला मी रंगद्रव्य प्रथिनालाच रासायनिक बंधाने जोडून आणले, आणि त्याच्या सोबत तेच रंगद्रव्य जोडलेले, तशीच सगळी प्रक्रिया केलेले, पण सोने नसलेले प्रथिनही आणले. सुटीचा दिवस असूनही तुम्ही खोली उघडलीत. सोने असलेल्या नमुन्याची रेषा या वेळी स्पष्टपणे अधिक वेगाने खाली उतरली, आणि तुम्ही काही न बोलता स्क्रीन पुन्हा माझ्याकडे फिरवलीत.

आता एक प्रश्न उरला आहे. धातूच्या पृष्ठभागाजवळ हीच देवघेव अंतराच्या चौथ्या घाताने मंदावते; माझे एवढेसे क्लस्टर सहाव्या घाताचा नियम पाळतात की चौथ्या, हे अंतर बदलून तपासायचे आहे. दिवाळीनंतर नमुने घेऊन येते. सोने नसलेला नमुना डब्यात सगळ्यात वर ठेवलेला असेल.

तुमची नम्र,
चोपड्याची विद्यार्थिनी