डोक्याच्या दुखापतीनंतर गोळी वाढवण्याआधी

मा. संपादक, स.न.

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण शुद्धीवर आल्यावर चिडू लागला, अंगावर धावून जाऊ लागला, की त्याला शांत करणारी गोळी सुरू होते. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी. त्याआधी रुग्णाला चालू असलेली औषधे तपासली जावीत, यासाठी हे पत्र.

सर्वांत आधी पाहावे ते लेव्हेटिरासिटाम. दुखापतीनंतर पहिल्या ७ दिवसांत फिट येऊ नये म्हणून ते दिले जाते. पुढे उद्भवणाऱ्या फिट त्याने टळतात असा पुरावा नाही. तरीही एकदाही फिट न आलेल्या रुग्णाला ते महिनोन्‌महिने चालू राहते. चिडचिड, आक्रमकपणा आणि उदासी हे त्याचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. औषधाने आणलेला राग दुसऱ्या औषधाने दाबत बसण्यात रुग्णाचे दुहेरी नुकसान होते. मात्र घरच्यांनी ते परस्पर बंद करू नये, एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते. कमी करायचे की बदलायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, दुखणे, जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घटणे यांनीही असा रुग्ण बिथरतो. बोलता न येणाऱ्याच्या बाबतीत तर हे हमखास नजरेतून सुटते. सुधारत असलेला रुग्ण पुन्हा मंदावला तर कवटीत रक्त साचले आहे का, पाणी वाढले आहे का, यासाठी स्कॅन लागतो. मरगळ हटत नसेल तर थायरॉइड आणि सकाळचे कॉर्टिसॉल (ताणाला तोंड देणारे संप्रेरक) तपासावे. या दोन्हींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीला इजा झाली असली तर ती अगदी नैराश्यासारखी दिसते.

एवढे करूनही औषध लागतेच, आणि लागते तेव्हा ते नाकारू नये. मात्र इजा झालेला मेंदू नेहमीच्या मात्रेलाही जास्त प्रतिसाद देतो. नैराश्यासाठी सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने ५० करता येते. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून बदलणे चूक. सर्ट्रालिननेही सोडियम घटू शकते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ते पाहावे, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामके चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो हेही. बुप्रोपिऑन आणि क्लोमिप्रामिन ही नैराश्यावरचीच औषधे फिटची शक्यता वाढवतात.

रागासाठी प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबावरच्या औषधाचा विचार क्वचितच होतो, व्हायला हवा. नाडी व रक्तदाब मोजत मात्रा वाढवावी. दमेकऱ्यांना ते देऊ नये. क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी स्मृती आणि तोल आणखी बिघडतो, काहींचा तर संयमच सुटतो. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचे औषध तातडीच्या वेळी लागते, पण ते दिवसेंदिवस चालवू नये. त्याने येणारा ताठरपणा व कंप कमी करायला सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल जोडले, तर विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो. मरगळ घालवून जागरूकता वाढवण्यासाठीचे अमँटाडिन सकाळी आणि दुपारी द्यावे, संध्याकाळी दिल्यास झोप उडते. मूत्रपिंड अशक्त असेल तर त्याची मात्रा घटवावी लागते.

एका वेळी एकच बदल करावा. दोन औषधे एकदम बदलली तर फरक कशाने पडला, हे कुणालाच सांगता येत नाही. घरच्यांनी रोजची झोप, रागाचे प्रसंग आणि त्यांची वेळ वहीत टिपावी, आणि दर भेटीला गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

रुग्णालयांकडे एक मागणी आहे: डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी दिले आणि त्याचा फेरविचार कोणत्या तारखेला करायचा, हे लिहिलेले असावे.

– मेंदू-पुनर्वसन आणि मानसोपचार क्षेत्रातील काही वाचक